'जगायला जाणे' आणि परत येणे : जालना जिल्ह्यातील श्रमिक स्थलांतराचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत दुष्काळामुळे गाव सोडण्याला 'जगायला जाणे' असे म्हणतात. 'देशोधडीला लागणे' या वाक्प्रचारात परतीची आशा उरलेली नसते. 'जगायला जाणे' या शब्दांत ती गृहीत धरलेली असते. जगायला गेलेला माणूस पाऊसपाणी झाले की परत येणार, त्याचे घर, शेत आणि भावकी गावातच राहणार, असा त्याचा अर्थ होतो. स्थलांतराच्या चर्चेत जाण्याची कारणे, गेलेल्यांची संख्या आणि कामाच्या ठिकाणची हलाखी यांना मोठे स्थान मिळते. परतण्याचा विचार मात्र त्या मानाने कमी होतो. तो स्थलांतराचा आपोआप घडणारा शेवट समजला जातो.

प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्याच्या संदर्भात या परतण्याचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. परत येणे ही केवळ स्थलांतरिताच्या इच्छेची बाब नसून ती तीन अटींवर अवलंबून असते, असे लेखाचे प्रतिपादन आहे. पहिली अट म्हणजे बाहेरच्या कमाईतून काही शिल्लक राहणे. दुसरी, गावात वर्षभर तग धरता येईल असा आधार असणे. आणि तिसरी, परतीच्या प्रवासाची जबाबदारी कोणावर तरी निश्चित असणे. या अटी पूर्ण होत नाहीत तेव्हा परत येणे हे दोन स्थलांतरांमधील मुक्कामापुरते उरते. तुलनेसाठी परदेशी जाणाऱ्या श्रमिकांविषयी दीर्घकाळ राज्यधोरण राबविणाऱ्या फिलिपिन्स या देशाचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

आजचा जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातील परतूर तालुका एकत्र करून त्याची निर्मिती झाली. त्यापूर्वी हा सर्व प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. 1956 मध्ये भाषावार प्रांतरचनेनुसार तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

जालना शहर ही जुनी बाजारपेठ होय. 1900 च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग सुरू झाल्यानंतर कापसाच्या व्यापाराला व सरकी काढण्याच्या उद्योगाला बळ मिळाले. 'जालना सोने का पालना' ही म्हण या समृद्धीची साक्ष देते. पुढे 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि जालना संकरित बियाण्यांचे देशातील महत्त्वाचे केंद्र बनले. त्यानंतरच्या काळात लोखंडी सळ्यांच्या उद्योगाचा विस्तार झाला. अशा रीतीने जिल्ह्याचे मुख्य शहर बाहेरच्या माणसाला काम देत आले, तर त्याच जिल्ह्यातील कोरडवाहू खेडी आपली माणसे बाहेर पाठवीत आली. हा विरोधाभास जालन्याच्या स्थलांतराचा स्थायीभाव आहे.

पूर्ण परतीचे एक उदाहरण या प्रदेशाच्या इतिहासात आढळते. 1947-48 मध्ये रझाकारांच्या अत्याचारांमुळे मराठवाड्यातील अनेक कुटुंबांनी संस्थानाची हद्द ओलांडून मुंबई प्रांतात व वऱ्हाडात आश्रय घेतला. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाल्यावर जाण्याचे कारणच संपले आणि अनेकांना गावी परतण्याचा मार्ग मोकळा झाला. राजकीय संकटाला अशी समाप्तीची तारीख असू शकते. दारिद्र्याला आणि अवर्षणाला ती नसते. म्हणूनच पुढील काळातील आर्थिक स्थलांतरातून परतण्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा ठरला.

1972 चा दुष्काळ आणि रोजगार हमी

1970 ते 1973 या काळातील अवर्षणाने, विशेषतः 1972 च्या दुष्काळाने, मराठवाड्याची ग्रामीण घडी विस्कटली. लाल मिलोची भाकरी, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि खडी फोडण्याची कामे ही त्या काळाची ओळख पुढील पिढ्यांच्या स्मरणात राहिली. याच काळात विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर सुरू झाली. तिचा कायदा 1977 मध्ये संमत होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला.

स्थलांतराच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व फार मोठे आहे. 'काम मागणाऱ्याला काम' हे तत्त्व स्वीकारताना शासनाने अप्रत्यक्षपणे माणसाचा आपल्या गावात राहण्याचा हक्क मान्य केला. पाझर तलाव, नालाबांध व रस्ते यांच्या कामांवर मजुरी मिळू लागल्याने जगायला बाहेर जाण्याची निकड दुष्काळी वर्षांत काही प्रमाणात कमी झाली. पुढे 2005 च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

तथापि या योजनेला एक मर्यादा होती. रोजगार हमीची मजुरी काम झाल्यावर, मोजमाप होऊन आणि बहुधा विलंबाने मिळत असे. शेतकरी-शेतमजूर कुटुंबाला लग्न, आजारपण, सावकाराचे देणे किंवा घराची दुरुस्ती यांसाठी एकरकमी पैसा लागतो. तो या योजनेतून मिळणे शक्य नव्हते. ही उणीव भरून काढणारी दुसरीच एक व्यवस्था त्याच दशकांत विस्तारत होती.

उचल : कमाई आधी, प्रवास नंतर

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम 1950-51 मध्ये पार पडला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या कारखान्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखानदारीचा झपाट्याने विस्तार झाला. ऊसतोडणीसाठी लागणारे मनुष्यबळ प्रामुख्याने बीड जिल्ह्यातून आणि त्यास लागून असलेल्या दुष्काळी पट्ट्यातून येऊ लागले. जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा या तालुक्यांतील वाड्या आणि तांडे या पट्ट्यात मोडतात. राज्यातील ऊसतोड कामगारांची संख्या सर्वसाधारणपणे दहा लाखांच्या घरात असल्याचे मानले जाते.

या व्यवस्थेचा गाभा म्हणजे उचल. हंगामापूर्वी, साधारणतः दसरा-दिवाळीच्या सुमारास किंवा त्याही आधी, मुकादम कामगाराला आगाऊ रक्कम देतो. नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि उचल कोयत्यावर ठरते. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता' समजले जाते. तोडणीचा दर टनावर असतो. हंगाम संपल्यावर, म्हणजे कामगारांच्या भाषेत 'पट्टा पडल्यावर', तोडलेल्या उसाची मजुरी आणि घेतलेली उचल यांचा हिशेब होतो. काम कमी भरले असेल, आजारपणामुळे खाडे झाले असतील किंवा पाऊस लांबून हंगाम लवकर आटोपला असेल, तर अंगावर बाकी राहते आणि ती पुढील हंगामात फेडावी लागते.

या ठिकाणी एक मूलभूत गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. सामान्यतः स्थलांतरित मनुष्य आधी जातो, कमावतो आणि मग घरी पैसे पाठवतो. ऊसतोडणीत हा क्रम उलटा होतो. पैसा आधी घरी पोहोचतो व खर्च होतो. माणूस त्यानंतर निघतो. त्यामुळे गावाबाहेरचे पाच-सहा महिने भविष्यासाठी संचय करण्यात न जाता झालेला खर्च फेडण्यात जातात. चैत्र-वैशाखात परतणाऱ्या कुटुंबाच्या हाती मृगाच्या पेरणीसाठी लागणारे भांडवल बहुधा नसते. ते बियाण्यांसाठी पुन्हा कर्ज काढते आणि त्या कर्जाच्या फेडीसाठी पुन्हा उचल घेते. परतीची पहिली अट, म्हणजे कमाईतील शिल्लक, या रचनेतच बाद होते.

जालन्याच्या बाबतीत प्रश्न अधिकच तीव्र होतो, कारण ऊस आणि कारखाने जिल्ह्यातही आहेत. 1976 मध्ये कार्यान्वित झालेल्या जायकवाडी प्रकल्पाच्या 208 किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्यामुळे अंबड, घनसावंगी व परतूर या भागांत ऊस आला. अंकुशनगर येथे समर्थ आणि तीर्थपुरी येथे सागर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. तरीही याच तालुक्यांतील कोरडवाहू गावे हंगामात रिकामी होतात. याची मीमांसा करताना डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचे दक्षिण गुजरातेतील संशोधन उपयुक्त ठरते. बार्डोली परिसरातील कारखाने स्थानिक मजुरांऐवजी खानदेशातून तोडणी कामगार आणत. बाहेरून आलेला, उचलीने बांधलेला आणि फडाजवळच राहणारा मजूर रात्री-अपरात्री कामावर हजर करता येतो. स्थानिक मजुराला संध्याकाळी परत जायला घर असते. म्हणजेच घर जवळ असणे हीच मजुराची उणीव ठरते आणि घरापासून तुटलेले असणे हीच त्याची पात्रता ठरते.

याची किंमत स्त्रिया व मुले अधिक मोजतात. मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे आणि खोपीवरचा संसार सांभाळणे ही कामे स्त्री करते. हिशेब मात्र जोडीचा आणि व्यवहार पुरुषाच्या नावाने होतो. कोयता जोडीवर ठरत असल्याने मुलामुलींची लग्ने लवकर उरकण्याकडे कल राहतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातील बालविवाहाचे प्रमाण सुमारे 22 टक्के आढळले. बीड, परभणी व जालना या जिल्ह्यांत ते राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक होते. स्थलांतर हे याचे एकमेव कारण नव्हे. परंतु कोयत्याचे अर्थकारण त्याला पोषक ठरते, हे नाकारता येत नाही.

फिलिपिन्सचा अनुभव

फिलिपिन्समध्ये परदेशी रोजगार हा 1974 च्या श्रम संहितेपासून राज्यधोरणाचा भाग आहे. त्याच्या आधीच्याच वर्षी, 1973 मध्ये, परदेशस्थ नागरिकांनी मायदेशी भेट द्यावी यासाठी 'बालिकबायन' कार्यक्रम सुरू झाला होता. बालिकबायन म्हणजे मायदेशी परतणारा. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रियांचा 'नवे वीर' म्हणून गौरव केला. परदेशातून येणारा पैसा त्या देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 8 ते 9 टक्के इतका आहे.

या गौरवामागील वेदना मार्च 1995 मध्ये प्रकर्षाने समोर आली. फ्लोर काँतेम्प्लासिओन या घरकामगार स्त्रीला सिंगापूरमध्ये फाशी देण्यात आली आणि फिलिपिन्समध्ये लोकक्षोभ उसळला. त्याच वर्षी जून महिन्यात स्थलांतरित श्रमिकांविषयीचा कायदा संमत झाला. श्रमिकाला मायदेशी परत आणण्याची प्राथमिक जबाबदारी त्याला परदेशी पाठविणाऱ्या भरती संस्थेवर राहील, असे या कायद्याने स्पष्ट केले. डिसेंबर 2021 मध्ये स्थलांतरित श्रमिकांसाठी स्वतंत्र खाते निर्माण करणारा कायदाही झाला.

या सर्व तरतुदींनंतरही फिलिपिनो श्रमिकापुढील मूळ पेच सुटलेला नाही. मुलांचे शिक्षण, आईवडिलांचे औषधपाणी आणि घराचे बांधकाम परदेशातील वेतनावर उभे असते. मायदेशी तेवढे वेतन मिळत नसल्याने परत आलेले अनेक जण पुन्हा करार करून निघतात. राज्यसंस्था परतीचे तिकीट देऊ शकते. परतल्यानंतरचा चरितार्थ देणे तिला जड जाते. तेथे परतीच्या तिसऱ्या अटीची कायदेशीर सोय झाली, परंतु दुसरी अट अपुरी राहिली. जालन्याच्या ऊसतोड कामगाराच्या बाबतीत पहिली आणि दुसरी अशा दोन्ही अटी अपुऱ्या आहेत. तिसऱ्या अटीचे स्वरूप 2020 या वर्षाने उघड केले.

1979 चा कायदा आणि 2020 ची परत

भारतात आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा 1979 मध्ये संमत झाला. कंत्राटदारामार्फत परराज्यात नेलेल्या कामगाराला स्थलांतर भत्ता आणि जाण्या-येण्याचे प्रवासभाडे मिळावे, अशी त्यात तरतूद होती. परतीचे भाडे ही कंत्राटदाराची जबाबदारी आहे, हे तत्त्व भारतीय कायद्याने इतक्या लवकर मान्य केले होते. परंतु त्यात दोन मोठ्या फटी राहिल्या. राज्याच्या हद्दीतच स्थलांतर करणारा कामगार कायद्याबाहेर राहिला. त्यामुळे घनसावंगीहून कोल्हापूर-सांगलीकडे जाणाऱ्या कोयत्याला त्याचा उपयोग नव्हता. तसेच कंत्राटदाराविना स्वतःहून आलेला कामगारही त्याच्या कक्षेत नव्हता. 2020 मध्ये संमत झालेल्या आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने या कायद्याची जागा घेतली. स्वतःहून आलेल्या कामगाराचा तिने व्याख्येत समावेश केला. परंतु आंतरराज्य ही अट तशीच राहिली.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा ऊसतोडणीचा हंगाम संपत आला होता आणि हजारो कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात अडकून पडली. एप्रिल 2020 मध्ये राज्य शासनाने 38 कारखान्यांच्या परिसरातील सुमारे 1 लाख 31 हजार कामगारांना आरोग्य तपासणी करून गावी जाण्याची परवानगी दिली. त्यांना पोहोचविण्याची व्यवस्था कारखान्यांनी करावयाची होती. मुकादमी व्यवस्था शोषणाची असली, तरी अमुक टोळी अमुक कारखान्याची आहे, ही नोंद तीत असते. त्या नोंदीमुळे परतीसाठी जबाबदार कोण, या प्रश्नाला उत्तर मिळू शकले.

जालना शहरातील पोलाद कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश व मध्य प्रदेश या राज्यांतून आलेल्या कामगारांच्या वाट्याला हे उत्तर आले नाही. 1 मे 2020 पासून श्रमिक विशेष रेल्वेगाड्या सुरू झाल्या. परंतु गाडीपर्यंत पोहोचणे ज्याचे त्याच्यावर राहिले. मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया जिल्ह्यांतील 20 कामगार 7 मे रोजी जालन्याहून पायी निघाले. भुसावळहून गाडी मिळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रवासाच्या परवान्यासाठी अर्ज करूनही उत्तर आले नव्हते, असे बचावलेल्यांनी सांगितल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रांत नमूद आहे. बदनापूर ते करमाड दरम्यान थकून ते रुळांवरच विसावले आणि 8 मे च्या पहाटे मालगाडीखाली त्यांपैकी 16 जणांचा मृत्यू झाला.

ही घटना अपघात म्हणून नोंदली गेली. इतिहासाच्या दृष्टीने पाहता ती परतीच्या तिसऱ्या अटीच्या अभावाची घटना आहे. शेकडो वर्षे जगायला जाणाऱ्यांच्या या प्रदेशात दुसऱ्या प्रदेशातून जगायला आलेल्यांच्या परतीची जबाबदारी कोणावरही निश्चित नव्हती. आपल्या माणसांच्या हालांविषयी संवेदनशील असलेला समाजही आपल्याकडे आलेल्यांच्या परतीबाबत बेफिकीर राहू शकतो, ही या घटनेची टोचणी आहे.

गावातील आधार : कडवंची आणि वसतिगृहे

परतीच्या दुसऱ्या अटीसंबंधी जालना जिल्ह्यातच एक विधायक उदाहरण आढळते. जालना तालुक्यातील कडवंची या कोरडवाहू गावात 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम राबविण्यात आला. खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र आणि त्याचे प्रवर्तक विजयअण्णा बोराडे यांचे त्यास मार्गदर्शन होते. माथा ते पायथा बांधबंदिस्ती, नाल्यांवरील उपचार आणि त्यानंतर शेकडो शेततळी यांमुळे गाव द्राक्षबागांकडे वळले. 2012-13 च्या दुष्काळात जालना शहराला पाण्यासाठी वणवण करावी लागली आणि जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. कडवंचीने मात्र त्या वर्षीही तग धरला. गावाचे पाणी गावात थांबले तर माणूसही थांबतो, याचा हा पुरावा होय. अर्थात ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनाच शेततळे लाभते. भूमिहीन कोयत्याला बागेतील मजुरी मिळते. मालकी मिळत नाही. म्हणून हा मार्ग आवश्यक असला, तरी सर्वांसाठी पुरेसा नाही.

दुसरा प्रयत्न मुलांच्या संदर्भातील आहे. पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. पुढे मुलांना गावातच ठेवण्याच्या हेतूने हंगामी वसतिगृहे सुरू झाली. 2021 मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना मंजूर केली. पहिल्या टप्प्यात जालना जिल्ह्यातील घनसावंगी व अंबड या तालुक्यांचा समावेश होता. साखरशाळेत शाळा मुलामागे जात होती; वसतिगृहाच्या कल्पनेत मूल गावी राहते आणि आईवडील जातात. परंतु त्यात आईवडिलांची उचल संपत नाही. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. ही वाढ स्वागतार्ह असली, तरी पैसा आधी आणि काम नंतर हा क्रम तिने बदललेला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

1. जालना जिल्हा श्रमिक पाठविणारा आणि श्रमिक स्वीकारणारा असा दोन्ही प्रकारचा प्रदेश आहे. त्याच्या इतिहासाचे आकलन या दोन्ही प्रवाहांचा एकत्र विचार केल्याशिवाय पूर्ण होत नाही.

2. उचलीच्या पद्धतीमुळे स्थलांतरातून संचय होण्याऐवजी ऋणफेड होते. त्यामुळे दरवाढीइतकाच हंगामापूर्वी स्वस्त व सन्मान्य कर्ज उपलब्ध होण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे.

3. फिलिपिन्सच्या उदाहरणावरून दिसते की परतीच्या प्रवासाची हमी कायद्याने देता येते. परंतु गावातील चरितार्थाची जोड मिळाल्याशिवाय ती परत टिकत नाही.

4. राज्यांतर्गत स्थलांतरित कामगाराला कायद्याच्या कक्षेत आणणे आणि कामावर ठेवणाऱ्यावर परतीची जबाबदारी निश्चित करणे या दोन बाबी 1979 पासून अपूर्ण राहिल्या आहेत.

5. पाणलोट विकास आणि रोजगार हमी यांचे मूल्यमापन केवळ किती हेक्टर भिजले अथवा किती मनुष्यदिवस भरले एवढ्यावर न करता, किती कुटुंबांना पुढील दिवाळीत गाव सोडावे लागले नाही, या निकषावरही व्हावयास हवे.

जाणे आणि राहणे यांपैकी एकाची निवड करण्याचे स्वातंत्र्य ज्याला आहे, त्याचे स्थलांतर प्रगतीचे साधन ठरू शकते. जालन्याच्या कोयत्याला किंवा जालन्यात आलेल्या परप्रांतीय कामगाराला ते स्वातंत्र्य अद्याप पुरेसे लाभलेले नाही. 'जगायला जाणे' या शब्दप्रयोगात गाव हे परतण्याचे ठिकाण मानलेले आहे. ते जगण्याचेही ठिकाण व्हावे, ही या इतिहासातून पुढे येणारी अपेक्षा होय.